पिएश्त्यानी १९८७: बेंचवरून उतरलेला पहिला खेळाडू

पिएश्त्यानी हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. १९८७ साली ते चेकोस्लोव्हाकियात होतं. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातल्या रिंकवर ४ जानेवारी १९८७ रोजी कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांचे आइस हॉकीचे वीस वर्षांखालील संघ जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात समोरासमोर आले. दुसऱ्या सत्राची ६ मिनिटं ७ सेकंद शिल्लक असताना सामना थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. तेव्हा कॅनडा ४-२ ने पुढे होता. पुढची सुमारे वीस मिनिटं दोन्ही संघ बर्फावर एकमेकांना बुकलत होते. पंच निघून गेले, स्टेडियमचे दिवे घालवले गेले, तरी मारामारी चालूच राहिली. शेवटी दोन्ही संघांना स्पर्धेतून काढून टाकण्यात आलं.

शीतयुद्ध, जुनं वैर आणि तरण्या पोरांचं गरम डोकं अशी याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. ते सगळं तिथे होतंच. पण आइस हॉकीत दोघांची जुंपणं नवीन नाही. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, त्यासाठी पाच मिनिटं बाहेर बसण्याची ठरलेली पेनल्टी आहे. ती भोगून खेळाडू परत खेळायला येतो. पिएश्त्यानीचं प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते वेगळ्याच कारणासाठी: दोनचार जोड्यांचं भांडण अख्ख्या दोन संघांचं कसं होतं, नेमकं कोणत्या क्षणी होतं, आणि तो क्षण नियमाने अडवता येतो का, हे इथे स्वच्छ दिसतं.

सामन्याआधीची परिस्थिती

स्पर्धेत आठ संघ होते आणि बाद फेरी नव्हती. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, विजयाला २ गुण, बरोबरीला १. शेवटच्या सामन्याआधी कॅनडाचे ४ विजय, १ बरोबरी आणि १ पराभव मिळून ९ गुण होते. फिनलंडचे ११. कॅनडा जिंकला असता तर गुण सारखे झाले असते आणि गोलफरकावर सुवर्णपदक मिळवायला त्याला किमान पाच गोलांच्या फरकाने जिंकावं लागलं असतं. किमान कांस्यपदक तर हातात होतंच. सोव्हिएत संघ मात्र पदकाच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडला होता. सर्गेई फेदोरोव्ह, अलेक्झांडर मोगिल्नी, व्लादिमीर कॉन्स्तान्तिनोव्ह अशी पुढे जगभर गाजलेली मंडळी ज्या संघात होती, त्याच्यासाठी ही मोठी नामुष्की होती.

म्हणजे एका संघाला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि दुसऱ्याच्या हाती पदक होतं. साखळी स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी अशी जोडी समोरासमोर आली की रेफरी निवडताना सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी. इथे निवड झाली नॉर्वेच्या हान्स रोनिंग यांची. दोन्ही बाजूंना चालेल असा तटस्थ देशाचा माणूस हवा होता, हा विचार समजण्यासारखा आहे. पण या पातळीच्या सामन्यांचा त्यांचा अनुभव कमी होता आणि कॅनडाच्या गोटात त्याबद्दल कुरबुर होती. तटस्थता कागदावर सिद्ध करता येते, पण तापलेला सामना पहिल्या पाच मिनिटांत आवळायचा कसा, हे अनुभवानेच येतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रेफरी नेमताना या दोन गोष्टींची गल्लत पुन्हा पुन्हा होते.

आवळायची संधी लगेच आली होती. पहिल्या फेसऑफपासूनच, म्हणजे दोघांमध्ये पक (खेळातली रबरी चकती) टाकून खेळ सुरू केल्यापासूनच, धक्काबुक्की सुरू झाली. सर्गेई शेस्तेरिकोव्ह आणि डेव्ह मॅकलवेन यांची सुरुवातीच्या काही सेकंदांतच चकमक झाली. मग कॅनडाच्या थिओ फ्लुरीने पहिला गोल केला आणि बर्फावर घसरत जाऊन स्टिक मशीनगनसारखी धरून सोव्हिएत बेंचवर गोळ्या झाडल्याचा अभिनय केला. जेमतेम साडेपाच फुटांच्या या पोराचा जल्लोष तेव्हा कॅनडात कौतुकाने पाहिला गेला. समोरच्या बेंचवर त्याचा काय परिणाम झाला असेल हे सांगायला नको. अशा वेळी रेफरीने काय करायचं हे ठरलेलं आहे: दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षकांना बोलावून ताकीद द्यायची, आणि पुढचा स्टिकचा पहिला फटका, मग तो कितीही हलका असो, पेनल्टीत मोजायचा. दोनतीन खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये बसले की इतरांचे हात आपोआप आवरतात. पिएश्त्यानीत स्टिकचे फटके वाढत गेले आणि त्याचा हिशेब खेळाडू आपापसांतच चुकता करू लागले.

तीन माणसं आणि एक-एक जोडी

त्या काळी रिंकवर एक रेफरी आणि दोन लाइन्समन, असे तिघे असत. मारामारी सोडवणं लाइन्समनचं काम. रेफरीने मधे पडायचं नसतं. त्याने थोडं लांब, दोन्ही बेंच नजरेत राहतील अशा जागी उभं राहून कोण कोणाशी भिडलंय, कोण तिसरा घुसतोय, कोण बेंचवरून उतरलं, हे जर्सीच्या नंबरांसकट टिपायचं.

लाइन्समनची पद्धत बाहेरून आळशीपणाची वाटते, पण तिच्यामागे शिस्त आहे. दोघे आधी आसपास पडलेल्या स्टिक आणि ग्लोव्ह्ज पायाने बाजूला सारतात, कारण मागे सरकणाऱ्या खेळाडूचं ब्लेड त्यात अडकलं तर तो डोक्यावर आपटतो. मग थांबतात. बर्फावर पाय रोवता येत नाहीत, म्हणून भांडणारे दोघे डाव्या हाताने एकमेकांची जर्सी धरून तोल सांभाळतात आणि उजव्याने मारतात. अर्ध्या-पाऊण मिनिटात दंड भरून येतात, किंवा एकजण पडतो. त्याच क्षणी दोन्ही लाइन्समन एकदम आत शिरतात, एक एका खेळाडूकडे, दुसरा दुसऱ्याकडे. हात वरून दाबून धरायचे, छातीने मागे रेटायचं आणि तोंडाने सतत बोलत राहायचं. एकट्याने कधीही शिरायचं नाही. एकाचेच हात धरले तर दुसऱ्याला बांधलेलं लक्ष्य मिळतं, आणि सगळ्यात वाईट जखमा तेव्हाच होतात. वेगळे केल्यावर काम संपत नाही. प्रत्येकाला प्रतिस्पर्ध्याच्या बेंचसमोरून न नेता पेनल्टी बॉक्सपर्यंत किंवा बाहेरच्या दारापर्यंत पोहोचवावं लागतं.

याचा अर्थ दोन लाइन्समन एका वेळी एकच जोडी सोडवू शकतात. दुसरी जोडी असेल तर ती थकेपर्यंत वाट पाहायची. तिसरी, चौथी, पाचवी जोडी सुरू झाली की त्यांच्याकडे लक्ष द्यायला माणूसच नसतो. गोलकीपर धरून बर्फावर बारा खेळाडू असतात, म्हणजे बेंचवरून कोणी उतरण्याआधीच पंचांची ताकद संपलेली असू शकते. गोलकीपरने आपल्या जागेवर थांबायचं आणि न भांडणाऱ्यांनी आपापल्या बेंचकडे जायचं, हे नियम त्यासाठीच आहेत. ते पाळले गेले तर तीन पंच पुरतात.

ती वीस मिनिटं

ठिणगी शेस्तेरिकोव्ह आणि कॅनडाचा एव्हरेट सॅनिपास यांच्या टकरीतून पडली. दोघे भिडले. तेवढ्यात पावेल कोस्तिच्किनने फ्लुरीवर स्टिकचा जोरदार फटका ओढला आणि त्यांची जुंपली. पाहता पाहता बर्फावरचे बाकीचेही जोड्या जोड्यांनी गुंतले. इथवर हे मोठं पण ओळखीचं प्रकरण होतं. दोनचार जण बाहेर गेले असते, पेनल्ट्यांचा ढीग लागला असता आणि सामना पुढे चालू राहिला असता.

मग सोव्हिएत बेंचवरून येवगेनी दाविदोव्ह कठड्यावरून उडी मारून आत आला.

त्यानंतरचं काही सेकंदांत घडलं. बेंचपुढचा कठडा जेमतेम मीटरभर उंच असतो आणि खेळाडू बदलताना या पोरांनी त्यावरून रोज शेकडो उड्या मारलेल्या असतात. दाविदोव्हमागून सोव्हिएत संघ उतरला आणि कॅनडाचाही उतरला. कॅनडाच्या बाजूने नंतर दिलेला खुलासा तपासून पाहिला तर तो निव्वळ सबब नव्हता. आपले पाच जण आधीच एकेकाला धरून गुंतलेले आहेत आणि समोरून आणखी दहा-पंधरा मोकळे खेळाडू येत आहेत. धरलेल्या माणसाला मागून मारणारा मोकळा माणूस हाच अशा मारामारीतला खरा धोका असतो. बेंचवर बसून राहायचं म्हणजे आपल्या माणसाला दोघा-तिघांच्या तावडीत सोडायचं. म्हणून दुसऱ्या बेंचचं उतरणं जवळजवळ अटळ असतं. प्रशिक्षक कितीही ओरडला तरी ते थांबत नाही. थांबवायचं तर पहिल्यालाच थांबवावं लागतं.

उतरल्यावर जे झालं ते कुरूप होतं. कॉन्स्तान्तिनोव्हने डोक्याची धडक देऊन ग्रेग हॉगुडचं नाक फोडलं. कॅनडाच्या माइक कीनची आणि वालेरी झेलेपुकिनची झटापट थांबता थांबेना. खाली पडलेल्यांवरही हात चालत होते. एकास एक भांडणात पडलेल्याला सोडून देण्याचा जो अलिखित संकेत असतो, तो गर्दीत टिकत नाही, कारण पडलेला कोणाच्या वाट्याचा हे कोणालाच ठाऊक नसतं. रोनिंग आणि दोन्ही लाइन्समन यांनी थोडा वेळ प्रयत्न केला आणि ते बर्फावरून निघून गेले.

मग दिवे घालवले गेले. हा निर्णय हताशेतून आला आणि तो चुकीचा होता. अंधारात ठोसा येताना दिसत नाही, म्हणून मान वळवता येत नाही की हात आडवा घालता येत नाही. पायाखाली स्टिक, हेल्मेट आणि धारदार ब्लेडं. शिवाय नंबर टिपायचं उरलंसुरलं कामही बंद पडतं, आणि कोण काय करतंय हे कोणी पाहत नाही हे प्रत्येकाला कळतं. दिवे गेले तरी मारामारी थांबली नाही. ती थांबली सगळे दमल्यावर.

दोन्ही बाजूंच्या या झुंबडीत कॅनडाचा गोलकीपर जिमी वेट मारामारीत पडला नाही. आणि पिएर टर्जन बेंचवरच बसून राहिला. सतरा वर्षांचा हा मुलगा त्या क्षणी नियम पाळणारा होता. त्याबद्दल त्याला कौतुक नाही, सहकाऱ्यांचा राग मिळाला, आणि तो वर्षानुवर्षं टिकला.

शिक्षा सगळ्यांना सारखी

आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष गुंथर साबेत्स्की यांच्या अध्यक्षतेखाली तातडीची बैठक झाली आणि दोन्ही संघांना स्पर्धेतून काढण्याचा ठराव ७ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधातलं एकमेव मत कॅनडाचे प्रतिनिधी डेनिस मॅकडोनाल्ड यांचं. सामन्याचा निकाल रद्द झाला. फिनलंडला सुवर्ण, चेकोस्लोव्हाकियाला रौप्य, स्वीडनला कांस्य. फिनलंडचं या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्णपदक. कॅनडाचा संघ सशस्त्र पहाऱ्यात बाहेर काढला गेला. मारामारीत सामील खेळाडूंवर १८ महिन्यांची आंतरराष्ट्रीय बंदी आली, जी अपिलात ६ महिन्यांवर आली. प्रशिक्षकांवर तीन वर्षांची बंदी आली. कॅनडाचे मुख्य प्रशिक्षक बर्ट टेम्पलटन होते, सहायक पॅट बर्न्स. सोव्हिएत संघाचे व्लादिमीर वासिल्येव्ह.

कॅनडात या शिक्षेवरून देश दुभंगला. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत ब्रायन विल्यम्स यांनी घडलेल्या प्रकाराची लाज वाटते अशी भूमिका घेतली, तर डॉन चेरी खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले. टोरोंटोच्या संघाचे मालक हॅरल्ड बॅलार्ड यांनी तर या खेळाडूंसाठी वेगळी सुवर्णपदकं घडवून घेतली. बंदी कमी झाल्याने फ्लुरी पुढच्याच वर्षी मॉस्कोतल्या स्पर्धेत कर्णधार म्हणून उतरला. वेट गोलमध्ये होता आणि कॅनडाने सुवर्ण जिंकलं. त्याच्याही पुढे, १९९७ साली, पिएश्त्यानीत कॅनडाकडून असलेला ब्रेंडन शॅनहन आणि सोव्हिएत बाजूचे फेदोरोव्ह व कॉन्स्तान्तिनोव्ह यांनी डेट्रॉइटकडून एकत्र स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला.

महासंघाची शिक्षा कडक होती, पण तिची रचना सदोष होती असं आमचं स्पष्ट मत आहे. सुक्याबरोबर ओलंही जळलं. दाविदोव्ह पहिला उतरला, दुसरा कोणी अठरावा उतरला, दोघांना माप एकच. स्पर्धेतून काढलं गेल्याचा भुर्दंड तर बेंचवर बसून राहिलेल्या टर्जनलाही बसला. खेळाडूच्या बाजूने विचार करा: एकजण उतरला की संघ जाणारच असेल, तर बसून राहून मिळवायचं काय? सगळ्यांना सारखी शिक्षा म्हणजे पहिल्याखेरीज इतरांना उतरण्याची मोकळीकच.

पहिल्याला दहा, दुसऱ्याला पाच

चारच महिन्यांनी, १४ मे १९८७ रोजी, एनएचएलमध्ये हाच प्रकार घडला. मॉन्ट्रियल आणि फिलाडेल्फिया यांच्या प्ले-ऑफ (बाद फेरी) सामन्याआधीचा सराव संपताना मॉन्ट्रियलचे क्लॉड लेम्यू आणि शेन कॉर्सन फिलाडेल्फियाच्या रिकाम्या गोलमध्ये पक मारायला निघाले. ही त्यांची नेहमीची टोटक्याची सवय होती. फिलाडेल्फियाचा एड हॉस्पोदार लेम्यूवर तुटून पडला. पंच अजून आपल्या खोलीत होते. ड्रेसिंग रूममध्ये गेलेले खेळाडू अर्ध्या कपड्यांत परत धावत आले. हॉस्पोदारला उरलेल्या प्ले-ऑफसाठी निलंबित केलं गेलं, दोन्ही संघांना मिळून २४ हजार डॉलरहून जास्त दंड झाला, आणि सामना मात्र ठरल्याप्रमाणे खेळला गेला.

त्यानंतर लीगने आणलेला नियम पिएश्त्यानीच्या शिक्षेच्या अगदी उलट विचारावर उभा आहे. मारामारीसाठी बेंच सोडणारा पहिला खेळाडू आपोआप दहा सामने निलंबित, तेही पगाराविना. दुसरा पाच सामने. सुनावणी नाही, सबब नाही, कोणाला वाचवायला उतरलो हा बचाव चालत नाही. सगळा भार पहिल्या दोन माणसांवर टाकला आहे, कारण तिसरा माणूस पहिल्या दोघांशिवाय जन्मालाच येत नाही. एकेकाळी हंगामात ठरलेली असणारी बेंच रिकामी होण्याची दृश्यं त्यानंतर एनएचएलमधून जवळजवळ नाहीशी झाली.

हा नियम भावना मारत नाही हे २२ सप्टेंबर २०१३ ला दिसलं. टोरोंटो आणि बफेलो यांच्या हंगामपूर्व सामन्यात बफेलोचा धिप्पाड जॉन स्कॉट टोरोंटोचा मुख्य गोलकर्ता फिल केसेलवर चालून गेला. टोरोंटोचा डेव्हिड क्लार्कसन कठडा ओलांडून मदतीला उतरला. काही महिन्यांपूर्वीच त्याने सात वर्षांचा मोठा करार केला होता. त्याला नियमाप्रमाणे नियमित हंगामातले दहा सामने घरी बसावं लागलं. पण पाहण्यासारखी गोष्ट ही, की दोन्ही बेंच त्याच्यामागून रिकामी झाली नाहीत. पिएश्त्यानीत दाविदोव्हनंतर जे घडलं ते इथे क्लार्कसननंतर घडलं नाही.

बेंचमागे उभ्या राहणाऱ्यांसाठी यातून निघणारं काम साधं आहे. बर्फावर दुसरी जोडी भिडताच मुख्य प्रशिक्षकाने रेफरीकडे पाहत वाद घालणं सोडून पाठ बर्फाकडे आणि तोंड आपल्या खेळाडूंकडे करायचं. सहायकाने बेंचच्या दाराशी उभं राहायचं. सगळ्यांना बसवायचं, कारण उभा खेळाडू आधीच अर्धा कठड्यावर असतो. कोणाचं रक्त लवकर तापतं हे प्रशिक्षकाला सामन्याआधीच ठाऊक असतं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. 

पंचांच्या बाजूनेही सुधारणा झाली. २०००-०१ च्या हंगामापासून एनएचएलमध्ये दोन रेफरी आणि दोन लाइन्समन अशी चौघांची पद्धत पूर्णपणे लागू आहे. मारामारीच्या वेळी एक रेफरी भांडणाऱ्यांकडे आणि दुसरा बेंचकडे लक्ष ठेवू शकतो. जोडी सोडवणारे हात मात्र अजूनही दोनच लाइन्समनचे.

बेंच सोडण्याच्या नियमाला एक वाट मोकळी राहिली आहे, ती म्हणजे कायदेशीर खेळाडूबदल. ५ मार्च २००४ रोजी फिलाडेल्फिया आणि ओटावा यांच्या सामन्यात शेवटची पावणेदोन मिनिटं उरली असताना डोनाल्ड ब्रॅशियर आणि रॉब रे भिडले. ते आणि त्यांच्यासोबतचे बाहेर गेले, दोन्ही प्रशिक्षकांनी नवे खेळाडू उतरवले, पक पडताच तेही भिडले, आणि असं पुन्हा पुन्हा झालं. बेकायदेशीरपणे बेंच कोणीच सोडलं नव्हतं, तरी पेनल्टीची बेरीज ४१९ मिनिटांवर गेली: फिलाडेल्फिया २१३, ओटावा २०६. लीगच्या इतिहासातला तो उच्चांक आहे. तिथे दहा सामन्यांचा नियम लागू होत नाही, कारण खेळाडूला बर्फावर प्रशिक्षकानेच पाठवलेलं असतं. म्हणून शेवटच्या मिनिटांत सामना हातातून गेलेला असताना कोणता प्रशिक्षक कोणाला उतरवतो, हे रेफरीने पाहिलं पाहिजे, आणि पक टाकण्याआधी त्या प्रशिक्षकाशी बोललं पाहिजे.